नदीच्या खालच्या अंगाला

गोदावरी महाराष्ट्राचा निरोप दोनदा घेते. पहिला निरोप सगळ्यांच्या ओळखीचा. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी नाशिक, पैठण, नांदेड असे घाट मागे टाकत धर्माबादच्या खाली बासरकडे वळते आणि आपल्या शाळकरी नकाशातली गोदावरी तिथेच संपते. नदी मात्र चालतच राहते. तेलंगणातून पूर्वेकडे जात जात ती पुन्हा एकदा महाराष्ट्राच्या अंगाला येऊन टेकते. राज्याच्या अगदी आग्नेय टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याजवळ. तिथून पुढे काही कोस तिचा उजवा काठ तेलंगणाचा आणि डावा काठ आपला. मग सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते आणि गोदावरी समुद्राच्या वाटेला लागते. त्र्यंबकेश्वरी तिच्या उगमाला लाखो माणसं हात जोडतात. तिचा हा दुसरा निरोप घ्यायला काठावर फारसं कोणी नसतं.

सिरोंचा हे गाव प्रत्यक्षात वसलंय ते प्राणहितेच्या डाव्या काठावर. थोडं खाली गेलं की प्राणहिता गोदावरीत शिरते, आणि संगमाच्या पलीकडच्या तीरावर काळेश्वराचं देऊळ उभं आहे. गावाच्या पश्चिमेला नदी असल्यामुळे इथला सूर्य रोज परराज्यात मावळतो. दक्षिणेला गोदावरी. पूर्वेला सागाचं रान, रान सरतं तिथे इंद्रावती, आणि इंद्रावतीपल्याड बस्तरचा मुलूख. तीन अंगांना नद्या आणि चौथ्या अंगाला जंगलातून येणारा एक लांबलचक रस्ता. जिल्ह्याचं ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटरवर, नागपूर पावणेचारशेच्या घरात, मुंबई अकराशेच्याही पुढे. हैदराबाद मात्र नागपूरपेक्षा जवळ. दुखणं हाताबाहेर गेलं की पुष्कळांचे पाय वरंगल-करीमनगरकडे वळतात ते यामुळेच. सरकारी फायलीत हा तालुका दुर्गम म्हणून नोंदलेला असतो, आणि बदलीच्या यादीत सिरोंच्याचं नाव दिसलं की कर्मचाऱ्याचा चेहरा उतरतो.

पण हे सगळं अंतर कचेऱ्यांपासून मोजलेलं आहे. पाण्यानं मोजायला घेतलं तर हिशेब पार बदलून जातो.

प्राणहिता लांबीनं तशी लहान, जेमतेम ११३ किलोमीटर. चपराळ्याच्या रानाजवळ वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात तिथे ती सुरू होते आणि सिरोंच्याखाली संपते. मात्र या छोट्या नदीच्या पदरात गोदावरीच्या सगळ्या खोऱ्याचा सुमारे एक तृतीयांश भाग येतो. वर्धा निघते बैतुल जिल्ह्यात, मुलताईच्या आसपास. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरातून बुलढाण्याचं पाणी घेऊन येते आणि वर्धेला देते. वैनगंगा सिवनीच्या पठारावरची, तर कन्हान छिंदवाड्याकडची. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत पडलेला पाऊस अखेर सिरोंच्याच्या घाटासमोरून वाहतो. त्याला पुढे मिळते सह्याद्रीवरून आलेली गोदावरी. आणखी पुढे, सोमनूरला, ओडिशातल्या कालाहांडीच्या डोंगरात जन्मलेली आणि चित्रकोटला कड्यावरून कोसळून आलेली इंद्रावती. पश्चिम घाट, सातपुडा आणि पूर्वेचे डोंगर, तिन्हींचं पाणी एका तालुक्याच्या हद्दीत एकत्र येतं. मोसमी वारा ज्या ज्या दिशांना ढग वाटतो, त्यातल्या कितीतरी वाटा इथे पुन्हा एक होतात.

मी नागपूरच्या सक्करदऱ्यात राहतो. भोसल्यांच्या काळात ही शहराबाहेरची बाग. महाराजबाग, तुळशीबाग, तेलंगखेडी, सोनेगाव, पालडी यांच्या ओळीत सक्करदऱ्याचं नाव घेतलं जाई. ताजुद्दीन बाबांना राजे रघुजीरावांनी आपल्या वाड्यात आणलं तो वाडाही इथलाच. आज सक्करदरा शहराच्या पोटात आहे. तळं आहे, पण त्याच्या भोवती घरांची दाटी झाली आहे. पावसाळ्यात रस्त्यावरून धावणारं पाणी उतार धरतं आणि नागनदीला जाऊन मिळतं. नागनदी पिवळी नदीला सोबत घेऊन कन्हानेत जाते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेच्या कुशीत शिरते. तिथे पाच नद्या एकत्र येतात आणि टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. त्याखाली गोसेखुर्दचं धरण. दारं उघडली की पाणी पवनीच्या घाटांवरून पुढे सरकतं. याच पवनीत १९६९-७० च्या उत्खननात जुने बौद्ध स्तूप उजेडात आले. पुढे वडसा, पुढे मार्कंडा. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते, आणि त्या वळणावर दगडात कोरलेल्या देवळांचा समूह पाण्याकडे पाहत उभा आहे. पुढे चपराळा, अहेरी, आणि मग सिरोंचा.

म्हणजे माझ्या गल्लीत पडलेल्या सरीला सिरोंच्याची वाट विचारावी लागत नाही. आम्हालाच ती विचारावी लागते.

नदीचं इथलं रूप ऋतुगणिक इतकं पालटतं की पाहुण्याला ती एकच नदी वाटू नये. मृगापासून पाणी गढूळ होऊ लागतं. वर सातपुड्यात पाऊस लागला की इथे आभाळ कोरडं असतानाही पाणी चढतं, कारण इथला पूर नेहमी दुसऱ्याच्या गावच्या पावसाचा असतो. श्रावण-भाद्रपदात दोन्ही तीरांमधलं सगळं अंतर पाण्याचंच. ओंडके, झाडोरा, फेसाचे लांब पट्टे वाहत असतात, आणि पलीकडचे ताड कमरेइतक्या पाण्यात उभे असल्यासारखे दिसतात. अश्विनात पाणी निवळतं. कार्तिकात रेतीची पहिली पाठ उघडी पडते, आणि मग रोज थोडी थोडी करत नदी आपलं पात्र सोडून देते. हिवाळ्यात सकाळी धुकं इतकं दाट उतरतं की तेलंगणा दिसेनासा होतो, फक्त तिकडच्या भोंग्यावरचं गाणं ऐकू येतं. रेतीच्या बेटांवर चक्रवाकांच्या तांबूस जोड्या उतरतात, नदीसुरय पाण्याला चोच लावून जातात. चैत्र-वैशाखात ऊन पंचेचाळीस अंशांवर जातं. तेव्हा नदीचे दोन-तीन निळसर धागे उरतात, आणि मैल मैल पसरलेली पांढरी रेती दुपारी डोळे उघडू देत नाही. त्या धाग्यांमध्ये खोल डोह असतात. मासे तिथे तग धरतात, आणि माशांवर जगणारी ढिवरांची घरंही. या पाण्यातल्या झिंग्यांना खवय्यांमध्ये मान आहे. डोंगा वल्हवणाऱ्या माणसाला पात्रातला प्रत्येक खडक ठाऊक असतो, कारण पावसाळ्यात तोच खडक दिसत नाही.

रेतीखालच्या दगडाकडे थोडं निरखून पाहिलं की गावाचं वय एकदम कोट्यवधी वर्षांनी वाढतं. गोदावरी आणि प्राणहिता ज्या दरीतून वाहतात ती त्यांनी कोरलेली नाही. पृथ्वीच्या कवचाला फार पूर्वी पडलेली ती भेग आहे. चंद्रपूरच्या अंगानं आग्नेयेला भद्राचलमच्याही पुढे ती जाते. भेग खचत गेली, तिच्यात वाळू, चिखल, झाडंझुडपं साचत राहिली. वर्धेच्या आणि सिंगरेणीच्या खाणींतला कोळसा त्याच साठवणीतला. भारत तेव्हा दक्षिणेतल्या एका महाखंडाला जोडलेला होता, आणि त्या महाखंडाला भूशास्त्रज्ञांनी नाव दिलं ते याच गोंडांच्या भूमीवरून. जगभरच्या विद्यापीठांत रोज उच्चारलं जाणारं ‘गोंडवन’ हे नाव म्हणजे आपली झाडीपट्टी ज्यात येते त्या मुलखाचं.

सिरोंच्याच्या थोडं वर, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचं खेडं आहे. तिथल्या चुनखडीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला माशांचे जीवाश्म सापडले. चकचकीत, जाड खवल्यांचे मासे, दगडाच्या पानात दाबून ठेवल्यासारखे. नागपुरातले मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या खोऱ्यातल्या दगडांचा आणि जीवाश्मांचा मन लावून अभ्यास केला. त्यांच्या नावाचं महाविद्यालय नागपुरात प्रत्येकाला माहीत आहे. पण त्यांचा जीव दगडांत किती रमला होता ते फार थोड्यांना ठाऊक असतं. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. कोट्याच्या थरांना भूशास्त्रात ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात. त्यांचं वय सुमारे १७ ते १८ कोटी वर्षं. नकाशात शोधूनही न सापडणाऱ्या खेड्याचं नाव असं जगाच्या इतिहासातल्या एका कालखंडाच्या दगडांना चिकटलं आहे.

१९६१ साली याच खोऱ्यात, पोचमपल्लीजवळ, एका प्रचंड प्राण्याची हाडं मिळाली. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतल्या संशोधकांनी ती बाहेर काढली, जुळवली, आणि १९७५ मध्ये त्या डायनासोरला नाव दिलं: बारापासॉरस टागोरेई. रवींद्रनाथांच्या स्मरणार्थ. सुमारे १४ मीटर लांब, लांबलचक मानेचा, झाडपाला खाणारा. त्याचा सांगाडा आज कोलकात्यात उभा आहे. इथे वडधमच्या जीवाश्म उद्यानात लाकडाचे दगड झालेले ओंडके आहेत. सालीच्या रेघा स्पष्ट दिसतात, हात लावला की मात्र गार दगड. भोवती जिवंत साग, ऐन, तेंदू उभे असतात आणि मध्ये हे आडवे पडलेले पूर्वज. पाहणारा आपसूक चप्पल काढतो. कोणी सांगितलेलं नसतं.

इतक्या जुन्या जमिनीवर माणसांच्या हद्दी फार अलीकडच्या. पण त्या वारंवार हलल्या आणि प्रत्येक वेळी त्यांनी या गावाला ओढलं.

१८५८ च्या उन्हाळ्यात इथून वर प्राणहितेच्या काठावर चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला. तारखात्यातले गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. मोलमपल्लीचे गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी पुकारलेल्या उठावातली ही घटना. अहेरी, घोट, अडपल्लीचं सगळं रान त्या काळात धगधगत होतं. पुढे बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, त्यांना फाशी दिली. आज गडचिरोली-चंद्रपुरात त्या दिवशी त्यांच्या नावानं गावोगावी माणसं जमतात.

दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, इंग्रज आणि निजाम यांच्यात तह झाला. धाराशिव आणि रायचूर दोआब निजामाला परत मिळाले, आणि गोदावरी-प्राणहितेच्या डाव्या काठचे सहा तालुके इंग्रजांकडे आले. सिरोंचा त्यातला एक. मराठवाड्यातला एक जिल्हा तराजूच्या एका पारड्यात आणि गोदावरीकाठचं हे रान दुसऱ्यात, असा तो सौदा. या तालुक्यांचा ‘अप्पर गोदावरी’ जिल्हा झाला आणि त्याचं मुख्य ठाणं सिरोंचा. डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड इथे बसून बस्तरचा अहवाल लिहीत होते. आज ज्याला टोक म्हणतात ते गाव तेव्हा केंद्र होतं: कचेरी, तुरुंग, खजिना, साहेबांचे बंगले. नदीकाठचं जुनं विश्रामगृह अजून त्या दिवसांची साक्ष देतं. त्याच्या ओसरीवरून पात्र जितकं दूरवर दिसतं तितकं दुसरीकडून कुठूनही दिसत नाही.

इंग्रजांना हे काठ हवे होते ते कापसासाठी. दवलेश्वरमचं धरण बांधणारे आर्थर कॉटन यांचं स्वप्न असं की गोदावरी समुद्रापासून वर्धेपर्यंत बोटींना खुली करायची, आणि हिंगणघाट-वऱ्हाडचा कापूस पाण्यावरून कोरोमंडलच्या बंदराला न्यायचा. अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि या स्वप्नाला जोर चढला. पण नदीत तीन ठिकाणी खडकांचे बांध आडवे आलेले. खाली दुम्मागुडेम, मधे इच्चमपल्ली, आणि वर प्राणहितेत देवलमारी. सुरुंग, कालवे, दारं, मजूर, हिवताप, खर्च; वर्षं गेली. तोवर १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. कापूस रेल्वेनं मुंबईला निघाला, आणि १८७१ मध्ये नदीवरचं काम थांबवलं गेलं. त्या एका निर्णयानं सिरोंच्याचा भूगोल उलटला. बंदराच्या वाटेवरचं गाव बघता बघता कुठल्याच वाटेवरचं राहिलं नाही. अडथळा म्हणून ज्यांच्यावर सुरुंग चालवले ते खडक मात्र अजून पात्रात आहेत. उन्हाळ्यात पाणी त्यांच्यामधून खळखळत वाट काढतं आणि माशांना प्राणवायू देतं.

१८७४ मध्ये जिल्हा मोडला. खालचे तालुके मद्रासकडे गेले, सिरोंचा चांद्याची तहसील झाला. १९०९ मध्ये आणखी काही भाग मद्रासला तोडून दिला. १९५० पर्यंत सिरोंचा मध्य प्रांत-वऱ्हाडात, १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ पासून नव्या गडचिरोली जिल्ह्यात. समोरचा काठही स्वस्थ बसला नाही. तो निजामाचा होता, हैदराबाद राज्याचा झाला, आंध्र प्रदेशाचा झाला, २०१४ मध्ये तेलंगणाचा झाला. पूर्वेला बस्तर संस्थान होतं, तिथे मध्य प्रदेश आला आणि २००० साली छत्तीसगड. काठावरच्या एखाद्या जुन्या चिंचेच्या आयुष्यात हे सगळं घडून गेलं आणि तिची सावली होती तिथेच पडत राहिली.

म्हणून इथल्या माणसांनी हद्द फार मनावर घेतलेली नाही. घरात तेलुगू, शाळेत मराठी, रानात गोंडी आणि माडिया, बाजारात जे चालेल ते. थोरल्याला ‘दादा’ म्हणतात तसं ‘अन्ना’ही. बांध्यांमध्ये धान, नदीच्या गाळावर मिरची आणि कापूस. मिरचीच्या हंगामात मजुरांच्या गाड्या नदी ओलांडून तेलंगणात तोडणीला जातात आणि गाठीशी हजेरी बांधून परत येतात. सोयरीक पलीकडची, बाजार अलीकडचा. शिंदी-ताडाची झाडं दोन्ही काठांवर सारखीच, आणि सकाळच्या ताडीला राज्य विचारायची पद्धत नाही. नदीपलीकडच्या सम्मक्का-सारक्काच्या जत्रेला इकडच्या बैलबंड्या पूर्वीपासून जात आल्या. काळेश्वराच्या गाभाऱ्यात एकाच शाळुंकेवर दोन लिंगं आहेत. एक काळेश्वर म्हणजे यम, दुसरा मुक्तेश्वर म्हणजे शिव. मरण आणि मुक्ती यांना तिथे एकच अभिषेक होतो. दोन नद्यांच्या काठावर वाढलेल्या श्रद्धेनं देवही जोडीनं मांडावेत, यात नवल नाही.

गुरू ज्या राशीत जाईल त्या राशीच्या नदीचा पुष्कर तेलुगू परंपरेत दर बारा वर्षांनी भरतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये गुरू मीन राशीत गेला आणि प्राणहितेचा पुष्कर आला. वैशाखासारख्या उन्हात सिरोंच्याच्या घाटावर माणसांची रीघ लागली. बारा दिवस या गावाला कोणी दुर्गम म्हटलं नाही. ज्या गावाला जायचं असतं ते लांब वाटत नाही.

गावामागच्या रानाबद्दल बोलायला लेखणी दबकते, कारण ते रान शब्दांपेक्षा मोठं आहे. आलापल्लीपासून सिरोंच्यापर्यंत रस्ता सागाच्या कमानीखालून जातो. इकडच्या सागाचं लाकूड नावाजलेलं; म्हणूनच आलापल्लीजवळचा काही हेक्टरांचा एक तुकडा कुऱ्हाडीपासून मुद्दाम राखून ठेवला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. तिथल्या वृक्षांच्या बुंध्याशी उभं राहिलं की जुन्या रानाची उंची काय होती ते मानेला कळतं. माथ्यावरून शेकरू झेप घेतं आणि पानांचा आवाज खाली पोचेपर्यंत ते पुढच्या झाडावर गेलेलं असतं. इंद्रावतीच्या अंगाला कोलामार्क्याच्या गवतात रानम्हशींचा छोटा कळप अजून आहे; महाराष्ट्रात त्या दुसरीकडे कुठेच उरलेल्या नाहीत. फाल्गुनात पळस पेटतो, चैत्रात मोह गळतो, वैशाखात तेंदूची पानं खुडली जातात. माडिया माणूस मोहाखालची जागा झाडून ठेवतो, फुलाला माती लागू नये म्हणून. देवापुढची जागा सारवतात त्याच काळजीनं.

आता या गावाला पूल आले आहेत. प्राणहितेवर आला, गोदावरीवर काळेश्वरला आला, इंद्रावतीवर पातागुडमला आला. डोंग्यात बसून परराज्यात जाणारा माणूस आता मोटारसायकलवर जातो. बाळंतिणीला पलीकडच्या दवाखान्यात नेताना रात्री पुराची भीती उरली नाही, ही गोष्ट कुठल्याही सौंदर्यापेक्षा मोठी. पण नदीवर दुसरंही एक बांधकाम उभं राहिलं. २०१६ मध्ये दोन राज्यांचा करार होऊन गोदावरीवर मेडीगड्ड्याला बंधारा ठरला. २१ जून २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. दीड किलोमीटरहून लांब, ८५ दारांचा. पाणी उपसून तेलंगणाच्या कोरड्या शेतांना द्यायचं, आणि तिकडच्या शेतकऱ्याची तहानही खरीच होती. इकडच्या काठावर मात्र पाणी फुगलं, शेतं खरवडली गेली, मोबदल्यासाठी माणसांना उपोषणाला बसावं लागलं. जुलै २०२२ च्या महापुरात तालुक्यातल्या गावांना घरं सोडून उंचावर जावं लागलं. आणि २१ ऑक्टोबर २०२३ रोजी बंधाऱ्याचे काही खांब खचले. दीडशे वर्षांपूर्वी नदीचे खडक फोडू पाहणारे दमले होते. या वेळी नदीनं रेतीतूनच उत्तर दिलं.

या गावापुढे नम्र व्हावंसं वाटतं ते त्याच्या हालअपेष्टांमुळे नव्हे. त्यानं आपल्या सगळ्यांचं पाणी मुकाट पदरात घेतलं म्हणून. वर पाऊस पडतो तो आमचा, धरणं आमची, कारखाने आमचे, सांडपाणी आमचं. धरणाची दारं कधी उघडायची तो निर्णयही वरच्यांचा. खालच्या अंगाला जे पोचतं ते सगळ्या वरच्यांनी मिळून केलेलं असतं, आणि त्याची जबाबदारी मात्र कोणाच्याच सातबाऱ्यावर चढत नाही. वैनगंगेचं पाणी आंभोऱ्याला नागनदीमुळे काळवंडतं, हे नागपूरकर वर्षानुवर्षं वाचत आले आहेत. वाचून आम्ही हळहळतो ती शहराच्या शोभेसाठी: काठावर बाग व्हावी, फिरायला जागा व्हावी, वास येऊ नये. आमच्या खाली कोणी राहतं, ही गोष्ट त्या हळहळीत सहसा नसते.

२०२७ मध्ये गुरू सिंह राशीत असेल. नाशिकला सिंहस्थ असेल आणि त्याच गुरूच्या हिशेबानं तेलुगू मुलखात गोदावरीचा पुष्कर. एकाच नदीचे हे दोन उत्सव. एका टोकाला आखाडे, शाही स्नानं आणि हजारो कोटींची कामं. दुसऱ्या टोकाला सिरोंच्याच्या संगमावर उतरणारी साधी माणसं, तांब्याभर पाणी घरी नेणारी. त्या तांब्यात त्र्यंबकाचं पाणी असेल, मुलताईचं असेल, सिवनीचं असेल आणि सक्करदऱ्याचंही असेल. पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्या गावांत वरच्यानं खालच्याची पाळी सांभाळायची असते. पाणी अडवायचं नाही, नासवायचं नाही, सोडायचं तर आधी हाक द्यायची. एवढा साधा दंडक नदीलाही लागू करायला हवा. नागनदी स्वच्छ करायची असेल तर ती आमच्या संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी नको. वैनगंगेच्या आणि प्राणहितेच्या काठावर जी माणसं ते पाणी पितात, त्यात मासे धरतात आणि हात जोडून ते कपाळाला लावतात, त्यांचं ते आमच्याकडे येणं आहे, म्हणून करावी. सिरोंचा किती लांब आहे असं आता कोणी विचारलं, तर मी किलोमीटर सांगत बसत नाही. आम्ही त्यांच्या वरच्या अंगाला राहतो, एवढंच सांगतो.